नाकावरची जखम

सिस्टर, तुम्ही गेल्यावर हे लिहायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं, कळतं मला. होतात तेव्हा मूग गिळून गप्प बसले.

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं, मी तुमच्या वॉर्डात नवी नर्स. तांड्यावरची ती बाई वेचणीला गेली अन् सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगी ओंजळीत मावेल एवढी, श्वास घेताना छाती आत ओढायची. तुम्ही तिच्या नाकपुड्यांत हवेच्या दोन इवल्या नळ्या बसवल्या, हवा बाहेर जाणाऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. "बुडबुडे येऊन राह्यले म्हणजे हवा पोचून राह्यली," तुम्ही मला शिकवत होतात. "पण नाकाले दाबू नको. थोडी फट ठेव, अन् घडीघडी पाहात जा."

त्या दुपारी विष घेतलेले दोघं एकदम आले, खालून मला हाक आली. इकडे बुडबुडे सारखे थांबत होते. मी नळ्या आत रेटल्या आणि चिकटपट्टी करकचून आवळली. बुडबुडे झकास सुरू झाले. म्हटलं, चला, आता बघायला नको! संध्याकाळी परतले तर दोन नाकपुड्यांमधलं मांस काळं पडलेलं. डॉक्टर कडाडले, "कोणी बांधलं हे?" मी पोरीचं दुपटं सारखं करू लागले. तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत. म्हणालात, "मी बांधलं, सर." सगळ्या वॉर्डासमोर बोलणी खाल्लीत. नंतर मला एवढंच म्हणालात, "त्या मायले तरी तू खरं सांगजो."

पोरगी जगली, पण नाक मधून बसलं. घरी नेताना आईनं मलाच विचारलं, "पोरीची जात हाय बाई, हे असं काहून झालं?" मी म्हटलं, "जन्मापासूनच नाजूक होतं." जीभ कशी झडली नाही माझी!

आता त्याच वॉर्डाची इन्चार्ज मी आहे. नव्या पोरींच्या हातून असं होऊ नये म्हणून ही हकीकत दरवर्षी सांगते. त्या विचारतात, "कोणाच्या हातून झालं, मॅडम?" मी सांगते, "आमच्या जुन्या इन्चार्ज होत्या, त्यांच्या." परवा एकीनं विचारलं, "त्यांना लई वाईट वाटलं असंल ना?" मी म्हटलं, "त्या कधी बोलल्या नाहीत."

लाज वाटते, सिस्टर. उद्या नवी तुकडी येते आहे. यंदा खरं सांगेन, असं इथं लिहायचं होतं. लिहवत नाही.