टेपांचा कडेकोट बंदोबस्त

२ फेब्रुवारी
नव्या साहेबांनी बोलावून घेतलं. म्हणाले, टेपवर बॅकअप घेणं आता जुनं झालं, ते यंत्र काढून टाकू. मी शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, की इमारतींचे नकाशे काढणाऱ्या या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हापासून रोज संध्याकाळी सगळ्यांचं काम टेपवर चढवतो तो मी. कुणी शिकवलं नाही. पुस्तक पुढ्यात घेऊन शिकलो. साहेब जरा विरघळले. एप्रिलअखेरपर्यंत बघू म्हणाले. तोवर कुणाची फाइल गेली आणि ती टेपवरून काढून दिली, तर यंत्र राहील, माझी खोलीही राहील.
म्हणजे राहिलंच.

३ फेब्रुवारी, सकाळी
संकल्प. टेपच्या ड्राइव्हवरून रोज कोरडं फडकं. कार्ट्रिजा, म्हणजे टेपांच्या डब्या, उभ्या ठेवायच्या, एकीवर एक रचायच्या नाहीत. हातातून पडलेली कार्ट्रिज बाद, वरून धडधाकट दिसली तरी. माणसाचंही तेच, पडल्यावर आतून काय हललंय ते कुठे दिसतं. खोलीत चहा बंद. माझासुद्धा.

दुपारी
चहा उंबऱ्यात उभं राहून प्यायलो. उंबरा खोलीत धरत नाहीत.

६ फेब्रुवारी
मोठा शोध लागला. प्रत्येक कार्ट्रिजच्या कोपऱ्यात एक चिमुकली लाल खिट्टी असते. ती सरकवली की आतल्या मजकुराला कुणी धक्का लावू शकत नाही. आणि इतकी वर्षं सगळ्या खिट्ट्या सताड उघड्या! अंगावर काटा आला. एकूण एक सरकवल्या. आता कुणाची टाप आहे.
घरी हिला सांगितलं. हिने भाजी निवडता निवडता विचारलं, की झाकण इतकं पक्कं बसवलंत तर रोजचं नवीन आत घालणार कसं. हिला टेक्निकल गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

९ फेब्रुवारी
खिट्टीचा गुण दिसायला लागला. पूर्वी बॅकअपला दोन-दोन तास लागायचे, ड्राइव्ह घरघरत बसायचा. आता कार्ट्रिज आत जाते, जराशी कुरकुरते आणि आपणहून बाहेर येते. स्क्रीनवर इंग्रजीत एक लाल चौकट उघडते. ओके दाबलं की जाते. घरी उजेडी पोचलो. हिला वाटलं मला बरं नाही.

२३ फेब्रुवारी
नकाशेवाल्या बाई जानेवारीपासून एका दवाखान्याची इमारत काढताहेत. तीन मजली. येता-जाता विचारतात, काका, माझं नीट ठेवताय ना? म्हटलं, बाई, तुमची इमारत पडेल पण माझी टेप हलायची नाही. ही उपमा त्यांना फारशी आवडली नाही.

१२ मार्च
ड्राइव्ह साफ करायची वेगळी कार्ट्रिज असते. ती ड्राइव्हवरचा दिवा लागला तरच घालायची, उगीच घातली तर ड्राइव्ह झिजतो. महिना झाला, दिवाच लागलेला नाही. याला म्हणतात निगा. साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, मग एकदा एखादी फाइल काढून तरी बघा.
गाढ झोपलेल्या पोराला, झोप लागली का, असं विचारायला कुणी उठवतं का?

१३ मार्च
चहा आत घेतला. पण ड्राइव्हकडे पाठ करून.

९ एप्रिल, सकाळी
बाईंचा कॉम्प्युटर बसला. त्यातलं सगळं गेलं. आणि दवाखान्याचे नकाशे सोमवारी द्यायचेत. बाईंचा चेहरा पांढराफटक. मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडा आनंदही झाला. आज नेमका विटका शर्ट घातलाय.

संध्याकाळी
फाइल आली. सगळं ऑफिस माझ्या पाठीशी उभं होतं. साहेबांनी खांदा थोपटला. स्क्रीनवर इमारत उघडली. बाई स्क्रीनजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "काका, जिना कुठाय?"
जिना नव्हता. लिफ्ट नव्हती. तिसरा मजलाही नव्हता. फाइल पाच फेब्रुवारीची निघाली. मग बाकीच्या कार्ट्रिजा लावून बघितल्या. पाच तारखेच्या पुढे एकही सरकलेली नाही. साहेबांनी एक कार्ट्रिज उचलून उलटसुलट केली, लाल खिट्टीवर नख ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.  
एवढं मात्र मान्य करावं लागेल, की पाच फेब्रुवारीपर्यंतचं अक्षरही इकडचं तिकडे झालेलं नाही.

१० एप्रिल
बाईंकडे कागदावर छापलेल्या प्रती आहेत. त्या बघून सगळं पुन्हा काढताहेत. मी शेजारी स्टुलावर बसून मापं वाचून देतो. कुणी सांगितलं नाही, आपणहून. सकाळभर बाई अवाक्षर बोलल्या नाहीत. दुपारी मी एका पायरीची उंची भलतीच वाचली. तेव्हा म्हणाल्या, "काका, पेशंट बरे व्हायला येणार आहेत, पडायला नाही." बरं वाटलं.

रविवार
आम्ही दोघंच ऑफिसात. जिना झाला. बाईंनी बोट फिरवत मला तळापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन आणलं.

सोमवार
नकाशे वेळेत गेले. माझं टेबल बाईंच्या शेजारी हलवलं. खोलीचा विषय साहेबांनी काढला नाही, मीही नाही.

३० एप्रिल
जुनी यंत्रं नेणारा माणूस आला. ड्राइव्हचं झाकण उघडून त्याने आत टॉर्च मारला, बोट फिरवलं. म्हणाला, "इतका स्वच्छ ड्राइव्ह मी आजवर बघितला नाही. वापरतच नव्हतात वाटतं."
एवढ्या वर्षांत पारख असलेला एक तरी माणूस भेटला. घरी आल्यावर हिला शब्दन् शब्द सांगितलं. ही पाठ फिरवून ओट्याशी उभी राहिली. खांदे हलत होते. हिलाही भरून आलं असावं.