पागेचा नियम सातवा

ता. ४ जून १९३८, सकाळी ६.
आजपासून उर्वरित आयुष्य पूर्वजांच्या पागेस व तिच्या शेतास अर्पण. पणजोबांनी येथेच स्वारांचे घोडे सांभाळले. म्हणून गाव अजून यास पागेचे रान म्हणते. फौजेने बाद करून गोळी घालण्याच्या यादीत टाकलेले तीन घोडे सोडवून आणले. नावे : कॅपिटल, रिझर्व्ह, डिव्हिडंड. पैकी डिव्हिडंड किंचित लंगडतो. थोरल्या बंधूंच्या पश्चात मुक्तावहिनींनी बारा वर्षे बैलांवर शेती चालविली. पद्धत अशास्त्रीय. मी बी.कॉम. आहे.

ता. ५ जून.
बैलजोडी वहिनींचा जुना सालगडी सुग्रीव यास देऊन टाकली. घोडे असता बैल म्हणजे डुप्लिकेशन. सुग्रीव म्हणाला, "मालक, पोळ्याला कसं करताव? तोरणाखालून पयली जोडी तुमची जाती." मी समजावले की मान घराण्याचा असतो, शिंगांचा नव्हे. वहिनी काही बोलल्या नाहीत. मौन म्हणजे संमती.

ता. ९ जून.
पागेत सात नियम लिहून लावले. चंदी, म्हणजे घोड्यांचा दाणा, घंटेवर : सकाळी सात, सायंकाळी पाच. नियम सातवा : 'जो कोणी महिनाभर कामाविना राहील, त्याची सायंकाळची चंदी बंद.' वहिनींनी हा नियम दोनदा मोठ्याने वाचावयास लावला. विचारले, "जो कोनी म्हंजे कुनीबी का, भावजी?" नियमास अपवाद नसतो, असे उत्तर दिले. त्यांना मसुदा आवडला असावा.

ता. २ जुलै.
घोडे वखरास जुंपले. रिझर्व्ह वखरासकट सिंदफणा नदीकडे निघाला. मी फौजेच्या खणखणीत उर्दूत हुकूम सोडला. तिघेही एका ओळीत ताठ उभे. दुपारपर्यंत तसेच. शिस्त अप्रतिम. वखरणी राहिली. सुग्रीवचे मत : "मालक, ह्यांला औताचं तास ठाव न्हाई, परेड लई ठाव हाय." अशिक्षित माणूस.

ता. १४ ऑगस्ट.
मोहनराव पाटलांस लेखी कळविले की यंदा आमच्या मानास घोडे येतील. चिठ्ठी वाचून त्यांनी तोंडाला उपरणे लावले. गहिवरले असावेत.

ता. २५ ऑगस्ट. पोळा. सायंकाळी ७.
झुली घालून, बाशिंगे बांधून तिघांना वेशीत उभे केले. गाव खोळंबले होते. एवढ्यात कोणीतरी मारुतीच्या देवळातली घंटा वाजविली. घड्याळात पाच. घोडे वक्तशीर. त्यांनी तोरण खाल्ले, कॅपिटलने सुतळीसुद्धा.
मग माझीच जुनी जोडी सवयीने पुढे झाली आणि मोकळ्या वेशीतून निघाली. तिच्यामागे सुग्रीव, त्याच्यामागे सबंध गाव. पाटील म्हणाले, "मान बैलाचा व्हता, बैलासंगं गेला." जोडीस ओवाळले ते सुग्रीवच्या दारात. ताट घेऊन वहिनी तेथेच उभ्या होत्या.
हे हस्तांतरण तात्पुरते समजावे. शंभर वर्षांचा मान एका सुतळीने जात नाही.

ता. २७ सप्टेंबर.
हस्त लागला. ज्वारीची पेरणी तोंडावर, रान तणाने भरलेले. वहिनींच्या सांगण्यावरून सुग्रीव बैल घेऊन आला. मी परवानगी दिली. ती कोणी मागितली नव्हती.
घोड्यांच्या पाठीवर वहिनींनी पखाली टाकल्या. नदीवरून पाणी आणतात. एका ओळीत चालतात. डिव्हिडंडसुद्धा.
मी देखरेख करतो. ओट्यावरून दिसते.

ता. ३० ऑक्टोबर, सायंकाळी ६.
घंटा वेळेवर झाली. तिन्ही घोड्यांना चंदी मिळाली. जेवावयास गेलो तो चुलीपाशी माझे ताट नव्हते. वहिनींनी पागेतला कागद आणून पुढे ठेवला व तळाच्या ओळीवर बोट टेकले. म्हणाल्या, "घोडे महिना झाला पानी वाहत्यात, भावजी. बैलांनी पेरलं. ऱ्हायलं कोन, तुमीच सांगा."
कागद दोनदा तपासला. मसुदा निर्दोष आहे. पळवाट कोठेही ठेवलेली नाही.