भुकटीचा रंग

भिलाई, कॅम्प नं. १
दि. २० ऑगस्ट १९६१

चि. शेषराव यास,
सप्रेम जय भीम.

आम्ही दोघं इथं बरे आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे पावसाळ्यात कुरकुरतात आणि अलीकडे ती कपड्यांना नीळ टाकायची विसरते, माझे सगळे सदरे कळकट झाले आहेत. बाकी तक्रार नाही. भागीरथेला आणि लेकरांना आशीर्वाद सांग.

आता आधी माझ्या हातानं केलेल्या वस्तू लिहितो. पानं दाबायची सागवानी चौकट, आवळायला चारी कोपऱ्यांत बोल्ट. सात्या, म्हणजे अळंब्या, वाळवायची पेटी, खाली कोळशाची शेगडी, वर जाळीचे कप्पे, मधे पत्र्याची आड, म्हणजे आच थेट लागत नाही. खारीच्या शेपटीचे कुंचले. पितळी नळीत बसवलेलं भिंग. आणि चित्रं, एकशे बारा, प्रत्येकात अळंबीचा उभा छेद आणि बाजूला मापं. धाकट्या बहिणीच्या, कमलाच्या लग्नात तू मांडवात सगळ्यांदेखत म्हटलं, "दादानं जल्मभर का केलं? कुत्र्याच्या छत्र्या रंगवल्या!" सोयरे हसले. तू पण हसला. म्हणून ही यादी. दोन वर्षं पत्र का नव्हतं ते तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही.

बातमी ही की मला एक नवी जात सापडली.

अहिवाऱ्याकडे चुनखडीची खाण आहे. सुटीच्या दिवशी मी सायकलनं तिकडे जातो. खाणीच्या कडेला अजून थोडं रान शिल्लक आहे, पुढच्या वर्षी तेही राहणार नाही. तिथं तुळसाबाई म्हणून एक बाई सात्या वेचते, इकडे त्यांना फुटू म्हणतात. तिनं सगळं टोपलीत घेतलं आणि एका अळंबीला वळसा घालून पुढं गेली. मी विचारलं, ही का सोडली? म्हणते, "येला हमन नइ खावन, बाबू. गोरू घलो नइ खाय." म्हणजे माणूस तर सोडाच, गुरंही तोंड लावत नाहीत. मी बसलो. टोपी विटकरी, कडेला चुण्या, दांड्यावर पातळ कडं, दांडा चुनखडीच्या भेगेतून वर आलेला.

सीताबर्डीला जुन्या बाजारात घेतलेलं माझं इंग्रजी पुस्तक तू पाहिलं आहेस. त्यात हुबेहूब अशी एक जात आहे. माप जुळतं, कडं जुळतं. फक्त भुकटी जुळत नाही. तुला सांगतो, अळंबीची टोपी कापून कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची. सकाळपर्यंत टोपीखालच्या पडद्यांतून बारीक भुकटी झडते. तिचा रंग म्हणजे त्या जातीची सही, बाकी सगळं फसवू शकतं. पुस्तकातल्या जातीची भुकटी पांढरी आहे. माझ्या अळंबीची पिवळसर, गाईच्या तुपासारखी. एवढ्या एका फरकावर ती नवी ठरते.

मी वर्णन आणि चित्र कॉलेजच्या एका प्रोफेसरांकडे पाठवलं. ते पुढल्या महिन्यात येणार आहेत. सगळं बरोबर निघालं तर ते ही जात छापतील आणि नाव आपल्या आडनावावरून ठेवतील. गजभिये! शेषराव, विचार कर. बाबा रेल्वेच्या रुळांवर गिट्टी ठोकत गेले, हजेरीपटात त्यांचं नाव कधी कोणी धड लिहिलं नाही. आता ते लॅटिन भाषेत लिहिलं जाईल आणि जगातल्या लोकांना ते तसंच्या तसं लिहावं लागेल.

मध्येच उठलो होतो. भुकटीचा कागद पुन्हा कंदिलाजवळ नेऊन पाहिला. पिवळसरच आहे.

परवा एक वाईट गोष्ट झाली, तसं म्हटलं तर काहीच नाही. आमच्या भट्टीवरचे रशियन इंजिनियर, गेन्नादी साहेब, अळंब्यांचे फार शौकीन. त्यांच्या देशात म्हणे बायकापोरं टोपल्या घेऊन रानात जातात. मी चित्रांची वही नेली होती. एका दुसऱ्याच अळंबीच्या चित्राशी ते थांबले आणि मोठ्यानं हसले. दुभाषा म्हणाला, "साहब पूछते हैं, इसे पीलिया हुआ है क्या?" पीलिया म्हणजे कावीळ. सगळी शिफ्ट हसली. म्हणे ही त्यांच्याकडे पण उगवते, दुधासारखी असते. मी वही मिटली. त्यांच्या देशातली वेगळी असेल. माती वेगळी, हवा वेगळी.

सोबत दोन पुठ्ठ्यांमध्ये एक काळा कागद ठेवला आहे, त्यावर त्या अळंबीची भुकटी आहे. बोट लावू नको. तू मिलच्या रंगखात्यात आहेस म्हणून सहज विचारतो, गंमत म्हणून. दिवसाउजेडी खिडकीपाशी धर आणि काय रंग दिसते तो लिही. कावून विचारतो ते विचारू नको.

पत्र लवकर टाक.

तुझा,
पंजाबराव


भिलाई, कॅम्प नं. १
दि. २४ सप्टेंबर १९६१

शेषराव,
जय भीम.

तुझं पत्र आलं. किती दिवस झाले ते मोजत नाही, उत्तराला उशीर केला ही गोष्ट खरी. तू लिहिलंस: "दादा, पांढरा हाय. ब्लीचमधून निघालेल्या लठ्ठ्यासारखा पांढरा. पिवळा कोठून आनला तुमी? डोये दाखवले का कोणाले?"

पहिल्यांदा मी चिडलो. वाटलं, लग्नातलं पुन्हा काढून राहिला, एवढी संधी बरी सोडेल. पत्र फाडणार होतो. मग अंगणात गेलो आणि चुना मारलेली भिंत पाहिली. पिवळसर. घरात मिठाची बरणी पाहिली. पिवळसर. दोरीवर तुझ्या वहिनीचं धुतलेलं पातळ होतं. मी म्हटलं, "सत्यभामा, आज पण नीळ टाकली नाही?"

ती हातातलं सूप ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दोनदा टाकली. होळीपासून हेच विचारून राहिले तुमी. मले वाटलं, माझ्यावर कशाचा तरी राग हाय."

 तिला तो राग वाटला, हे ऐकून जास्त लागलं.

आता लिहितोच आहे तर पूर्ण लिहितो. रेल्वेच्या ओतशाळेत वीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी काढली. तिथं डोळे राखायला निळी काच होती, खुंटीला टांगलेली. ती लावायचा तो कच्चा, असं आम्ही म्हणायचो. पक्का माणूस उघड्या डोळ्यानं लोखंडाचा रंग ओळखतो. मी पक्का होतो. सगळ्यात पक्का. मिस्त्री दुसऱ्या भट्टीवरून मला बोलवायचे, "गजभिये, जरा बघ रे, झाली का?" आणि मी बघून सांगायचो, आणि चुकत नव्हतो. इथं आल्यावर रशियनांनी काच सक्तीची केली तेव्हा मी मनात हसलो होतो.

मागच्या आठवड्यात भट्टीतल्या रसाचा नमुना ओतला. मी म्हटलं, अजून थंड आहे, राहू द्या. शेजारी धोंडबा होता, माझाच शिकवलेला. हळूच म्हणतो, "काका, पांढरी होऊन राहिली न." मी रागानं बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि माझ्याकडून आल्यासारखं करून फोरमनला सांगितलं, झाली म्हणून. बरं झालं सांगितलं. पांढऱ्याला पिवळं समजून भट्टी वाजवीपेक्षा जास्त तापू दिली असती, तर समोर माणसं उभी होती, शेषराव. चौघं. धोंडबाची बायको पोटुशी आहे.

फोरमनला मी उद्या स्वतः सांगणार आहे. भट्टीवरून काढतील. भांडारात बसवतील बहुतेक, कुलूप-किल्ल्या सांभाळायला. तुझ्या वहिनीला अजून सांगितलं नाही. तुलाही सांगणार नव्हतो, भुकटीची गंमत सांगून सुटणार होतो. पण तू एका वाक्यात विचारलंस आणि मला ते वाक्य दुसऱ्या कोणी विचारलं नाही.

जात नवी नाही. पुस्तकात आहे तीच. कड्यासकट, मापासकट मी तिचं वर्णन अचूक केलं होतं, तेवढं कोणी नाकारू शकणार नाही. फक्त सही मी चुकीची वाचली. गेन्नादी साहेबांच्या देशातली ती दुसरी अळंबी पण दुधासारखीच असेल, मीच तिला पीलिया केला. आणि मग बाकीची चित्रं? जुनी बरी असतील. कुठपर्यंत बरी, कुठून बिघडली, मला सांगता येत नाही. माझ्या डोळ्याला सगळीच एका रंगात जुळलेली दिसतात. रात्री उठून बघतो, आणि कंदील विझवतो, आणि पुन्हा लावतो. तुझी वहिनी म्हणते, घरात मांजर पाळल्यासारखं वाटते.

एक उपाय आहे. प्रत्येक चित्राच्या मागं मी त्या-त्या अळंबीचा भुकटीचा कागद चिकटवला आहे. चित्र खोटं असलं तरी मागचा कागद खरा आहे, तो अळंबीनं स्वतः काढला आहे. धम्मचक्र दिनाला मी नागपूरला येतो. चित्रं सगळी आणतो. डॉक्टरला डोळे पण दाखवतो, ते तू म्हणतोस म्हणून. तू खिडकीपाशी बस, एकेक कागद बघ आणि चित्राखाली खरा रंग लिही. तुझ्या अक्षरात. माझं खोडू नको, खाली लिही. मिलमध्ये ज्या रंगाला जे म्हणता तेच लिही, पुस्तकी नाव शोधू नको. तुळसाबाईच्या रानातल्या अळंबीपासून सुरुवात कर. तिथं लिही, पांढरा.

कुत्र्याच्या छत्र्या म्हण पाहिजे तर. पण रंग बरोबर लिही.

भागीरथेला सांग, मी भाकरीच खाईन, भात नको. लेकरांना आशीर्वाद.

डोळे असतील तसे, पण तुझाच,
दादा

ता. क. प्रोफेसर मंगळवारी येऊन गेले. तुझं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि कॉलेजसाठी सगळीच मागितली. त्या अळंबीचा कागद मी त्यांना दाखवला नाही, जात जुनीच निघाली एवढंच सांगितलं. ते म्हणाले, असू द्या, खाणीकडे अजून पुष्कळ मिळेल, पहिली नवी जात निघेल तिला तुमचंच नाव. चित्रं विकायची नाहीत, असं मी म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. डोळ्यांचं मी सांगितलं नाही. जाताना म्हणाले, "गजभिये, इतना घमंड अच्छा नहीं." तुझी वहिनीही तुला हेच सांगेल, की यानं घरी आलेला पैसा अभिमानापायी परतवून लावला. तिला तसंच समजू दे. त्यांनी एकशे बारा चित्रांचे सहाशे रुपये देऊ केले होते, आणि आपलं आडनाव. मी नाही म्हटलं.