दहावा माणूस गेटबाहेर

शनि., २७ डिसें., शब्बाथ सुटल्यावर

काल कादिश, आईसाठीची प्रार्थना, झाला नाही. आई गेल्यापासून शुक्रवार चुकण्याची ही पहिली वेळ.

आठ जण दिव्याआधीच आले होते, पप्पा नववे. (रिक्षाने. परत कोण कसं जातं ते पप्पा विचारत नाहीत.) दहावे सॉलोमन अंकल. ते पेणकरपाड्याहून चालत येतात, शब्बाथ लागल्यावर वाहन नाही, आणि घरी दिवा लावून मगच निघतात, कारण तो लावायला घरात दुसरं कोणी नाही. म्हणजे सगळ्यात जास्त पाळणारा माणूस सगळ्यात उशिरा पोहोचतो. साडेसहा झाले. पावणेसात. सव्वासातला पप्पांनी पुस्तक मिटलं. दहा पुरुष नाहीत तर कादिश नाही. बाकीची प्रार्थना ज्याने त्याने आपापली म्हटली, जेवले, गेले.

आज तारे दिसल्यावर फोन चालू केला. गेटच्या नव्या अ‍ॅपवर सहा सूचना. 'सॉलोमन, फ्लॅट ६०२. प्रतिसाद नाही. प्रवेश नाकारला.' सहाही वेळा तेच.

शुक्रवारी संध्याकाळी आमचा फोन बंद होऊन कपाटात जातो, हे चौदा वर्षं प्रत्येक वॉचमनला माहीत होतं. रजिस्टरमध्ये नाव लिहायचे आणि वर सोडायचे. या आठवड्यात रजिस्टर गेलं, इंटरकॉम गेला, आणि छोट्या गेटला असं कुलूप आलं जे फक्त अ‍ॅपचंच ऐकतं.

अंकलना फोन केला. म्हणाले, "अर्धा तास उभा होतो गं. मग म्हटलं, अठ्ठ्याहत्तरव्या वर्षी लोकांच्या गेटला धरून लटकणं बरं दिसत नाही." हसले. मला हसता आलं नाही.

कादिश अकरा महिने म्हणायचा असतो, ते भरायला दोन शुक्रवार उरलेत. मुलगा नाही म्हणून आईसाठी पप्पा म्हणतात. रोज दहा जमत नाहीत, शुक्रवारी जमतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पप्पांना ठाण्याला सिनेगॉगला जाता येत नाही, म्हणून माणसं घरी येतात. मला अख्खा कादिश पाठ आहे. आईनेच शिकवला, मराठी अक्षरांतल्या पुस्तकावरून, ओट्यापाशी बसवून, शाळेत घालायच्याही आधी. पण मला धरून दहा होत नाहीत. काल मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि घरात नऊच जण होते. हा राग वेगळा. तो सोसायटीवर काढता येणार नाही.

रवि., २८ डिसें.

सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरी पाटील. चहा मागवला माझ्यासाठी. माणूस वाईट नाही, हे आधीच लिहिते, नाहीतर पुढचं लिहिताना अन्याय होईल.

"ताई, सोपं आहे. पाहुण्याला आधीच परवानगी टाकून ठेवायची. त्याच्या फोनवर कोड येतो."
"ते शुक्रवारी फोन जवळ ठेवत नाहीत."
"मग कागदावर प्रिंट काढून द्या."
"कागदही नाही. शब्बाथला खिशात काही घेऊन रस्त्यावर निघत नाहीत ते."
"पाठ करू दे नंबर."

पाठ त्यांनी केलाही असता. अंकलना अख्खी स्तोत्रं पाठ आहेत. पण नंबर नसतोच, काळ्या ठिपक्यांचे चौकोन असतात.

मग पाटलांनी आवाज खाली केला. तक्रारी आहेत म्हणे. दर शुक्रवारी ६०२ मध्ये टोप्या घातलेले पुरुष जमतात. "महापालिकेची निवडणूक तोंडावर आहे. मला काही इश्यू नकोय." मी म्हटलं, आम्ही ज्यू आहोत. पाटील खुर्चीत सरळ झाले. "अरे, मग आधी सांगायचं ना. आम्हाला वाटलं... इस्रायल म्हणजे आपला माणूस. माझं स्टेटस बघा, दोन झेंडे आहेत." लगेच म्हणाले, खास परवानगीचं पत्र काढतो, शुक्रवारी गेट मॅन्युअल करून देतो.

लिफ्टमध्ये मला बरं वाटत होतं. सहाव्या मजल्यापर्यंत बरं वाटत होतं, हे खोटं न बोलता लिहून ठेवते. दाराच्या चौकटीवर मेझुझा आहे, धर्मवचनाची छोटी डबी, सगळ्यांना दिसेल अशी, चौदा वर्षं. त्याला हात लावताना मग त्यांचं 'आम्हाला वाटलं' आठवलं. काय वाटलं होतं, आणि ते खरं असतं तर माझा चहा आला असता का.

मंगळ., ३० डिसें.

पत्राचा मसुदा आला व्हॉट्सअ‍ॅपवर. सही माझी हवी, कारण फ्लॅट आईनंतर माझ्या नावावर. पहिली ओळ ठीक. पुढे: 'सदर कार्यक्रम अन्य कोणत्याही समाजाचा नाही. अन्य समाजाच्या धार्मिक जमावास सोसायटीत असलेली मनाई योग्य असून तीस माझी संमती आहे.'

तीस माझी संमती आहे.

तिसऱ्या मजल्यावर नसीम आंटी राहतात, भाड्याने. गेल्या वर्षी त्यांच्या सासूबाईंच्या चाळिसाव्याला कुराण वाचायला आठ-दहा बायका येणार होत्या. कमिटीने खालीच थांबवलं. मला तेव्हा कळलं होतं. मी 'फार वाईट झालं' म्हणाले आणि ऑफिसला गेले. आई गेली तेव्हा सात दिवस आमच्याकडे चूल नव्हती. याच नसीम आंटींनी नवं पातेलं विकत घेऊन, स्टिकरसकट आणून दाखवून, त्यात अंडी उकडून दिली होती. आमचं खाणं वेगळं म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

पप्पांना मसुदा वाचून दाखवला.
"सही कर."
"शेवटची दोन वाक्यं ऐकलीत का?"
"कागद आहे तो. पोस्टात पस्तीस वर्षं मी असल्या कागदांवर सह्या केल्या. आपण मोजून चार घरं. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तुझ्या आईचे दोन शुक्रवार आहेत."

मी सही केली नाही. कोण चुकतंय ते कळत नाही. दोनदा उठून मसुदा परत वाचला, की मीच उगाच...

शनि., ३ जाने., शब्बाथ सुटल्यावर

काल मी स्वतः खाली जाऊन गेटपाशी उभी राहिले. म्हटलं, घरची मालकीण समोर आहे, अजून काय पाहिजे.

अंकल आले. पांढरा शर्ट, काठी. मी वॉचमन यादवजींना म्हटलं, हे आमचेच पाहुणे आहेत, मी सांगते आहे. यादवजी म्हणाले, "मॅडम, मैं तो देख रहा हूँ आपको। मशीन नहीं देख रही।" कॅमेऱ्याकडे बोट केलं. नोकरी जाईल त्यांची. त्यांच्यावर चिडले आणि लगेच लाजही वाटली.

गजांच्या आत मी, बाहेर अंकल. तेवढ्यात नसीम आंटी भाजी घेऊन आल्या. अ‍ॅपवर नोंदवलेला त्यांचा चेहरा बघून गेट उघडलं आणि त्यांच्यामागे बंद झालं. परिस्थिती त्यांना सांगावी लागली नाही. म्हणाल्या, "मैं बुला लूँ इनको? मेरे घर के मेहमान। ऊपर जाके तुम्हारे यहाँ बैठ जाएँगे।" मोबाईल हातातच होता.

शब्बाथला आपण करायचं नाही ते दुसऱ्याला सांगून करवून घ्यायचं नाही, असं आईने शिकवलेलं. पण मी सांगितलं कुठे होतं? त्या आपणहून म्हणत होत्या. आणि मार्चमध्ये त्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय. टोपीवाला पुरुष त्यांच्या नावावर आत आला हे सोसायटीच्या ग्रुपवर गेलं तर घरमालक काय करेल? मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी थोडं थांबून पाहिलं आणि वर गेल्या.

अंकल म्हणाले, "तू जा वर. नऊ जण उपाशी बसलेत. मी इथेच म्हणतो माझं." आणि वडापावच्या गाडीशेजारी फुटपाथवर, मला पूर्व वाटली तिकडे वळून म्हणायला लागले.

पूर्व नव्हे, पश्चिम. (नंतर आठवलं. प्रार्थनेला तोंड येरुशलायीमकडे, म्हणजे जेरुसलेमकडे, आणि ते आपल्याला पश्चिमेला. ते बरोबरच उभे होते, मीच गोंधळले होते.)

दुसरा शुक्रवार गेला.

सोम., ५ जाने.

ग्रुपवर कोणीतरी टाकलं, 'आपल्या सोसायटीत इस्रायली परिवार, अभिमान.' खाली झेंडे, वाघ, हात जोडलेले. माझा जन्म भाईंदरच्या हॉस्पिटलातला. पासपोर्टही अजून काढलेला नाही.

संध्याकाळी लिफ्टमध्ये बी विंगमधली एक कॉलेजची मुलगी, आजपर्यंत हसायची, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बच्चों को मारते हैं और पड़ोस में रहते हैं।" तिथल्या बातम्या बघून मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले आहे, हे तिला लिफ्टच्या तीन मजल्यांत कसं सांगणार. आणि का सांगायचं? कोणी विचारलं तर सांगेन. विचारत कोणी नाही. एकजण अभिनंदन करतो, दुसरी शिक्षा देते. अंकल कुठून चालत येतात हे दोघांनाही माहीत नाही.

बुध., ७ जाने.

कमिटीला रीतसर अर्ज दिला. मागणी एकच: ज्यांना फोन वापरता येत नाही त्यांच्यासाठी रजिस्टर परत ठेवा. सगळ्यांना, कुठल्याही फ्लॅटला, कुठल्याही दिवशी. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना अ‍ॅप दिसतही नाही, तेही लिहिलं.

पाटील: "ताई, बरोबर आहे तुमचं. निवडणूक होऊ द्या, मीटिंगला घेतो."
"शुक्रवारी शेवटचा दिवस आहे आमचा."
"म्हणून तर म्हणतो, सही करून टाका. तुमचं काम झालं ना, मग बाकीच्यांचं टेन्शन तुम्ही कशाला घेता?"

 

गुरु., ८ जाने.

नसीम आंटींकडे गेले. शुक्रवारी गप्प राहिल्याची माफी मागायला. मसुदा त्यांना ठाऊक होता, ग्रुपवर कोणीतरी टाकलाय. मी जमिनीकडे बघत होते. त्या भेंडी चिरत होत्या, थांबल्या नाहीत.

"साइन कर दे बेटा। मेरी सास का तो हो गया जो होना था। तेरी माँ का आख़िरी है।"
"उसमें लिखा है कि मना करना सही था।"
"मुझे पढ़ना आता है।"

मग म्हणाल्या, नाहीतर उद्या मीच बोलावते त्यांना. मी या वेळी स्पष्ट नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मेरा डर मुझे रखने दे, तू अपना रख।" मी तरी नाहीच म्हटलं. जिन्यात बसून राहिले थोडा वेळ. त्यांनी सही कर म्हटल्यामुळे सही करणं सोपं व्हायला हवं होतं.

पप्पांना सांगितलं. ते बराच वेळ पायाला तेल लावत राहिले. मग: "पातेलं स्टिकरसकट आणलं होतं, नाही का."
एवढंच. कर म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत.

शुक्र., ९ जाने.

५:२०. मसुद्याची प्रिंट काढली. शेवटची दोन्ही वाक्यं पेनने खोडली, पट्टी ठेवून, वाचता येतील अशी. बाजूला लिहिलं, 'यास माझी संमती नाही.' खाली पूर्ण नावाने सही. सही बँकेतल्यासारखी आली नाही.

५:३१. फोटो पाटलांना पाठवला. एक प्रत खाली यादवजींकडे दिली. त्यांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

५:४०. पप्पा धरून आठ झाले. नववे लिफ्टमध्ये आहेत. पप्पांनी शर्ट बदलला.

५:४८. पाटलांना फोन लावला, उचलत नाहीत. प्रचाराच्या गाडीवर असतील. अजून निळी खूण नाही. खोडलं नसतं तर आत्ता गेट मॅन्युअल असतं. हे मला माहीत आहे. पप्पांनाही माहीत आहे, आणि ते मेणाच्या डागावर टेबलक्लॉथ ओढून बसवताहेत.

५:५३. निळी खूण. वाचलं त्यांनी.

दिवे ५:५७ ला. अंकल तिकडे आपला दिवा लावून निघतील. त्यांना थांबवायला हवं होतं का? नाही. येऊ देत. मी खाली जाऊन उभी राहीन.

५:५६. 'टायपिंग' दिसतंय. थांबलं. परत दिसतंय.

पप्पा हाक मारताहेत. फोन बंद करते.