रोडग्यांचा विस्तव आणि सरांची बादली

बाई, परवा सौंसरला एका लग्नात आपल्या शाळेतले हिंदीचे सर भेटले. आता काठी घेऊन चालतात, पण आवाज तसाच आहे, शेवटच्या बाकावरच्या पोराला जागं करणारा. पंगतीत बसलो आणि कोणीतरी नेहमीसारखं म्हणालंच, सर, पाणी जपून बरं, कुठं विस्तव विझायचा. सगळी पंगत हसली. सरही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तेव्हापासून तुम्ही डोक्यात ठाण मांडून बसल्या आहात, म्हणून लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून खुर्चीत ताठ बसते.

ऐंशी सालानंतरची ती गारपीट तुम्हाला सांगायला नको. संत्रा झाडावरून उतरवायच्या आधीच गारांनी खाली उतरवला. बागवाल्यांचं नुकसान झालं ते झालंच, पण माझ्या आईबाबांसारखे तोडणारे, पेट्या भरणारे तर घरीच बसले. आमच्या घरातली ज्वारीची कोठी खरवडून झाली होती. तुम्ही रोज पांढुर्ण्याहून बसनं यायच्या, साडीला धूळ लागलेली असायची. एक दिवस प्रार्थना झाल्यावर तशाच उभ्या राहून तुम्ही सांगितलं, शनिवारी शाळेत रोडगे करायचे. सगळ्यांनी आईबापांना घेऊन यायचं. शेतवाल्यांनी कणीक, वांगी, डाळ आणि ज्वारी आणायची. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांनी गोवऱ्या आणायच्या, कारण गोवऱ्यांच्या निखाऱ्यांच्या आराशिवाय कणकेचा रोडगा भाजत नाही. जेवण झालं की तोडणाऱ्यांच्या घरोघरी एकेक थैली ज्वारी जाणार होती. पहिला रोडगा नैवेद्याला कोणत्या देवळात न्यायचा, असं पालकांतल्या एकानं विचारलं. आमची अख्खी वस्ती बौद्ध, हे तुमच्या ध्यानात होतं. तुम्ही म्हणाल्या, पहिला कोणाचा ते मी ठरवते, आणि तो विषय तिथंच संपवला.

मी नाचतच घरी गेले. आईनं पाटी भरून गोवऱ्या काढल्या आणि म्हणाली, "ह्या पोचवून देऊ. पन जेवाले अन् ज्वारी आनाले मी काई येत नाई. माहे हात धड हायेत अजून." आई नाही म्हणाली म्हणजे नाहीच, आणि घरात तर दाणा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या टेबलापाशी येऊन रडले. वाटलं, तुम्ही जवळ घ्याल. तुम्ही तर मलाच झापलं! म्हणाल्या, "रडतेस कशाला? तुझ्या आईचं काही चुकलं आहे काय त्यात?" मी रडणं विसरून तुमच्याकडे बघतच राहिले.

शनिवार अजून जसाच्या तसा दिसतो. पटांगणात गोवऱ्या रचल्या आहेत, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जाऊन राहिला आहे, मोठ्या वर्गातली पोरं कणीक मळताना एकमेकांची तोंडं रंगवत आहेत. वांग्याच्या भाजीचा वास बसस्टँडपर्यंत गेला असेल. आई आली, फाटकाशी पाटी उतरवली आणि तिथंच कडुलिंबाखाली उभी राहिली. आत ये म्हटलं की मान हलवायची. आर लालबुंद झाला, रोडग्यांचे गोळे परातीत तयार झाले, आता आत ठेवायचे, एवढ्यात हिंदीचे सर बादली घेऊन आले आणि फस्सकन अख्ख्या विस्तवावर पाणी! एकच कल्ला झाला. जबलपूरच्या माणसाला रोडग्यांतलं काय कळतं, असं लोक तोंडावर बोलले. तुम्हीही सगळ्यांसमोर त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. सर रिकामी बादली धरून उभे होते.

मग तुम्ही फाटकाशी गेल्या. आईला आत या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, आमचा विस्तव गेला. एवढी लेकरं उपाशी राहतील. तुमच्या वस्तीत अजून गोवऱ्या निघतील काय?" आईनं सरांकडे एकदा पाहिलं. "मास्तरले एवढंबी समजत नाई?" असं म्हणून जी तरातरा निघाली, ती वस्तीतल्या साऱ्या बायांना घेऊनच परत आली, प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी. पदर खोचून आत घुसली. पोरांना हाकललं, गोवऱ्या आपल्या हातानं रचल्या, सरांना लांबच्या ओट्यावर नेऊन बसवलं आणि हलू नका म्हणून बजावलं. सर खरंच हलले नाहीत.

पहिला रोडगा निघाला तो तुम्ही राखेतून उचलला, झटकला, फोडला, त्यावर तूप सोडलं आणि आईच्या पत्रावळीवर ठेवला. तोवर ती पंगतीत बसली होती. कशी बसली, कधी बसली, मला कळलंच नाही. मला इतका आनंद झाला की मी कितीतरी वेळ नुसती वाढतच सुटले. जाताना आईनं ज्वारीची थैली डोक्यावर घेतली. पाटी मात्र फाटकाशी होती तिथंच विसरली.

आई ही गोष्ट मरेपर्यंत सांगायची. दवाखान्यात नर्सलाही सांगितली, "मी नसती त त्या दिवशी अख्खी शाळा उपाशी राहिली असती." नर्स "हो काय आजी?" म्हणाली की आईची मान अशी वर व्हायची.

हे पत्र काही मी कुठं धाडणार नाही. फक्त एक सांगायचं राहून गेलं होतं. त्या शनिवारी, विस्तवावर पाणी पडायच्या जरा आधी, मी नळाच्या भिंतीमागं बसून वाढायची भांडी धूत होते. तुम्ही बादली भरत होत्या, सर शेजारी उभे होते. तुम्ही म्हणाल्या, "सर, लोक जन्मभर हसतील तुम्हाला."

सर म्हणाले, "हँसने दीजिए, बाईजी. बस, रोटियाँ अभी अंदर मत रखवाइए."

आईला मी हे कधी सांगितलं नाही. आणि परवा पंगतीत, बाई, सरांना सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.