आम्हा तिघांना गाडीचा भाग धरण्याबाबत

प्रति,
माननीय वाहन तपासणी अधिकारी,
तपासणी कार्यालय (ज्यांच्या खिडकीखाली आमची लाल गाडी उभी आहे, तेच)

विषय: शर्यतीच्या जुन्या गाडीला रिव्हर्स गिअर नसल्यामुळे मला, बायकोला आणि लेकीला गाडीचेच भाग मानून ती हातभर मागं ढकलू देण्याबाबत.

संदर्भ: आमचा तपासणीचा अर्ज आणि त्यावर निरीक्षक साहेबांनी मारलेला शेरा, ‘मागे घेऊन दाखवणे’.

महोदय,

विनंतीपूर्वक अर्ज करतो की, मी पाण्याचा टँकर चालवतो. लिहायचा सराव नाही, तेव्हा बोलतो तसंच लिहितोय. रागावू नये.

१. सदर गाडी माझ्या वडिलांची. तरणेपणी ते हिच्यावर शर्यती मारायचे. पुढं विकावी लागली. मध्यंतरी मला ती एका शेडमध्ये सापडली, सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. घरी आणली तेव्हा बायको म्हणाली, “गाडी आणलीत की खुराडं?” पण साहेब, सीट शेवटी तिनंच शिवली. लेक लेथवर काम करते, तिनं झिजलेले भाग नव्यानं कातले. मी पत्रा ठोकला. वडील स्टुलावर बसून आम्हा सगळ्यांना शिव्या घालत होते. असं घरच्या घरी काम झालं.

२. आता रिव्हर्सचं. तो वडिलांनी त्या काळीच काढून टाकला होता. म्हणायचे, “शर्यतीत मागं कोण जातंय? उगाच ओझं.” लेक म्हणाली, नवा करून बसवते. तर म्हणाले, “मग ती माझी गाडी नव्हे.” विषय संपला. तेव्हापासून आमच्या घरी रिव्हर्स म्हणजे आम्ही तिघं. मी डाव्या चाकाशी, लेक उजव्या, बायको मधे गाडीच्या नाकाला हात लावून. वडील “रिव्हर्स!” म्हणून ओरडतात, आम्ही ढकलतो. बिघाड ठाऊक नाही.

३. म्हणून लेकीनं अर्जात ‘मागे जाण्याची सोय’ याच्यापुढं ‘आहे’ लिहिलं. खोटं लिहिलं नाही. सोय आहेच.

४. तपासणीला गाडी मीच आणली. वडील म्हणाले, “आधी कागद होऊ दे, मगच मी बसेन.” आयुष्यात एकदाच माणूस कायद्यानं वागायला गेला! निरीक्षक साहेब हातानं “या, या, अजून पुढं” करत गेले आणि मी टँकरच्या सवयीनं नाक थेट तुमच्या भिंतीला टेकवलं. मग ते म्हणाले, “आता मागं घ्या.” आम्ही तिघं उतरून जागेवर उभे राहिलो, बायको तेवढी भिंतीमुळं नाकाच्या बाजूला. वडिलांनी फाटकातून आरोळी दिली. तर साहेब किंचाळले, “हात लावू नका! तपासणी चालू असलेल्या गाडीला बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाही!”

५. तेव्हापासून घोडं तिथंच अडलंय. मागं गेल्याशिवाय तपासणी संपत नाही, तपासणी संपल्याशिवाय आम्ही हात लावायचा नाही. तुमच्या शिपायाला विनवलं, तर तो म्हणाला, “ढकलणं माझ्या कामात बसत नाही, मामा.” अर्ज मागं घेतो म्हणालो, तर तुमच्या अर्जाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तपासणी झाल्यावर घ्या. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना.

६. साहेब, घाई एवढ्यासाठी की या इंजिनात एरंडेल घालावं लागतं. हो, तेच, पोट साफ करायचं. शर्यतीच्या जुन्या गाड्यांना तेच लागायचं. गाडी उभी राहिली की ते डिंकासारखं चिकटतं आणि इंजिन आवळून बसतं. म्हणून वडील रोज सकाळी चहाच्या आधी हँडल घालून इंजिन फिरवायचे. हँडल गाडीच्या नाकातून घालावं लागतं. नाक तुमच्या भिंतीला. मधे बोटभरही जागा नाही.

इंजिन एकदा आवळलं तर पुन्हा सगळं खोलावं लागेल. आम्ही खोलू. पण वडिलांचा हात आताच थरथरतो. परत जुळेपर्यंत त्यांना चालवता येईल का, हे मला विचारू नका. घरात कुणीच विचारत नाही. बायको शिलाई उसवते, पुन्हा घालते. लेक सुट्टीच्या दिवशीही लेथवर जाऊन बसते. मी टँकर घेऊन निघतो आणि वळून वळून तुमच्याच रस्त्याला येतो. कुणाचाच जीव थाऱ्यावर नाही.

७. तरी विनंती की आम्हा तिघांची गाडीचे भाग म्हणून नोंद व्हावी. भाग तपासायचे तर तपासा, आम्ही हजर आहोत. बायकोचं वजन विचारू नये, एवढंच. तेही नियमात बसत नसेल, तर नोंद राहू द्या, शेरा राहू द्या, वाटल्यास गाडी नापास करा. फक्त हातभर मागं सरकवू द्या. त्याला रिव्हर्स म्हणू नका, झाडायला जागा केली म्हणा. म्हणजे हँडल आत जाईल.

८. वडिलांना मी घरी चला म्हणून सांगून थकलो. कार्यालय उघडायच्या आधी येतात, स्टूल घरनं आणतात. खिडकीतून बघितलंत तर दिसतील. आपण एकदा मान हलवली तरी त्यांना कळेल. पुढचं ते ओरडून सांगतील, आम्ही कोपऱ्यावरच उभे आहोत.

तुमच्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
आपला नम्र,
टँकरवाला
(लेकीकडून वाचून घेऊन सही केली)
दिनांक: आजचाच धरावा

सोबत जोडले आहे:
१) गाडीचं हँडल, क्रमांक दोनच्या हातात.
२) वडील, फाटकापाशी. झेरॉक्स नाही, मूळ प्रत आहे. जपून आत घ्यावी.