एकदाच वस्तरा

कुवेत, मार्च १९६२

प्यारी अम्मा,

काल तुझ्या नातीचा अकीका झाला. मीच जावळ काढलं. तळहातावर दाट कुरळे केस बघून रहिमा म्हणाली, "हे कुणावर गेले?"

आपलं खानदान अरबी, असं सांगून तू तिला सून करून आणलीस. मी खरं सांगितलं. तुझी आई जंजिऱ्याची सिद्दी, हबशी रक्ताची होती, म्हणूनच उवांचं निमित्त करून तू दर जुम्म्याला माझं डोकं भादरायचीस.

रहिमाने माझ्या हातातून वस्तरा घेतला. तो पुसत म्हणाली, "हिला पुन्हा लावायचा नाही."

नाव तुझ्या आईचंच ठेवलं, जमिला.

तुला पत्रं शेजारचा महबूब वाचून दाखवतो, म्हणून हे पाठवत नाही. सुट्टीत तिला घेऊन येतो. तिच्या वेण्या तूच घाल, ओसरीवर बसून.

तुझा,
सिराज